काटे हवेत, पण कोणते?

घरच्या माणसाला मोटार विकत घ्यायचं वेड लागलं तर त्याला आवर कसा घालावा, हे सांगणाऱ्या मैत्रिणी पुष्कळ भेटतात. पण मोटार घरीच बनवायचं वेड लागलं तर काय करावं, हे कुणी सांगत नाही. म्हणून आमच्या घरचा अनुभव लिहिते आहे. विषय तसा छोटासा. गाडीच्या डॅशबोर्डवर कोणते मीटर बसवायचे आणि त्यांना पैसे किती मोजायचे, एवढाच. पण त्यावर आमच्याकडे दोन महिने खल चालला होता, आणि पैसे माझ्या मानधनातून जायचे होते. मी शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. आमचं मानधन कधी येतं नि किती येतं, हे त्या वाटेने गेलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आम्ही राहतो वसमतला. हळदीचं गाव, २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्या ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं आणि पंपदुरुस्तीचं दुकान आहे, आणि गावाबाहेर थोडीशी शेती. ह्यांनी आयटीआय केलं ते मोटारीच्या कारखान्यात जायचं म्हणून. पुण्याला जायची पिशवीसुद्धा भरून झाली होती. तेवढ्यात मामंजी अंथरुणाला खिळले, आणि ती पिशवी पुन्हा फळीवर गेली. ह्यांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पण गेल्या दिवाळीनंतर दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी चौकटीचा सांगाडा उभा राहू लागला, तेव्हा मला न सांगताच सगळं कळलं. म्हणून "हे कशाला?" असं मी विचारलं नाही. "किती लागतील?" एवढंच विचारलं.

परदेशात अशा गाड्यांना 'किट कार' म्हणतात. गाडीचे सुटे भाग खोक्यात भरून मिळतात आणि माणसं ते घरच्या गॅरेजात जोडतात. इंग्लंडमध्ये १९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही त्यातली फार गाजलेली गाडी. सुटे भाग घेऊन घरी जोडली की तिथला खरेदीकर वाचायचा, म्हणूनही लोक ती तशी घेत. आपल्याकडे असं खोकं मिळत नाही. आपलं खोकं म्हणजे भंगाराचं दुकान. पण माणसं आपल्याकडेही तशीच आहेत. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' नावाच्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना १९४९ साली केला आणि पुढे कितीतरी वर्षं ते त्या गाडीत सुधारणा करत राहिले. शिक्षण सातवीपर्यंतचं. अगदी अलीकडची गोष्ट म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. लोहारांनी जुन्या सामानातून साठेक हजारांत मुलासाठी चिमुकली जीप केली. ती मोटारसायकलसारखी किक मारून सुरू व्हायची. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या जीपच्या बदल्यात लोहारांना नवी बोलेरो मिळाली. त्या बातमीचं कात्रण आमच्या दुकानात गणपतीच्या तसबिरीखाली चिकटवलेलं आहे.

तर आमच्या गाडीचं इंजिन मिळालं ते भंगारात निघालेल्या मारुती ८०० चं. हे मॉडेल १९८३ ते २०१४ अशी तीस वर्षं निघालं, त्यामुळे तिचे सुटे भाग अजून गावोगाव सापडतात. इंजिन आलं, गिअरबॉक्स आला, रेडिएटर आला, पेट्रोलची टाकीसुद्धा आली. पण त्या गाडीचे मीटर आमच्या आधीच कुणीतरी काढून नेले होते. डॅशबोर्डला ह्यांनी जुन्या वाड्याच्या दाराची सागवानी फळी लावली. एरंडेल तेल चोळून ती अशी छान दिसू लागली, की नुसती बघत राहावी. मग त्या फळीवर ह्यांनी खडूने सहा गोल काढले आणि मला हाक मारली.

"हे बघ, इथे सहा मीटर. नांदेडला एका दुकानात बघून आलोय. काळी तबकडी, चकचकीत कडी, रात्री निळा उजेड. सहाचा संच सात हजार आठशे."

सासूबाई तिथेच शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "एवढी घड्याळं कामून लागायलीत गं? येळ तर एकच असते!"

ह्यांना हसू आलं, पण लगेच म्हणाले, "अगं, गाडी म्हटली की समोर काटे पाहिजेत. नुसती फळी बरी दिसेल का?"

सात हजार आठशे म्हणजे धाकटीच्या शिकवणीची वर्षाची फी. पण तसं बोलून दाखवलं असतं, तर त्या फळीवरचा हात हळूच मागे गेला असता. तो एकदा मागे गेलेला मला माहीत होता. म्हणून म्हटलं, "अहो, दिसण्यासाठी किती आणि कळण्यासाठी किती, हे आधी वेगळं करू. मग पैशांचं बोलू."

रात्री जेवणं आटोपल्यावर वहीच्या पानावर रकाने आखले. पहिल्या रकान्यात मीटरचं नाव. दुसऱ्यात, हे वेळेवर कळलं नाही तर नुकसान काय होईल. तिसऱ्यात, ते नुकसान भरून निघेल का. आणि चौथ्यात, हीच गोष्ट स्वस्तात दुसऱ्या कशाने कळेल का. मैत्रिणींनो, हा तक्ता कुठल्याही महागड्या वस्तूला लावून बघा. निम्मा मोह तिसऱ्या रकान्यापाशीच उतरतो. आमचा तक्ता भरताना ह्यांनी सांगितलं ते मी लिहून घेतलं, आणि मला कळेपर्यंत पुन्हापुन्हा विचारलं.

सगळ्यांत वर आला हीटचा काटा, म्हणजे इंजिनातल्या पाण्याचं तापमान दाखवणारा. नेहमीच्या चालीत तो ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान असावा. इंजिन फार तापलं की वरचं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, त्याखालची गॅस्केट जळते, आणि मग दुरुस्तीचा खर्च आमच्या अख्ख्या इंजिनाच्या किमतीपलीकडे जातो. म्हणजे नुकसान मोठं आणि न भरून येणारं. हा मीटर घ्यायचाच, आणि चांगला घ्यायचा.

दुसरं नाव ऑईलच्या दाबाचं. ऑईलचा दाब गेला तर इंजिन काही मिनिटांत जाम होतं. पण इथे चौथा रकाना उपयोगी पडला. दाबाच्या काट्याऐवजी लाल दिवा चालतो. इंजिनावर एक छोटा स्विच असतो. दाब कमी झाला की दिवा लागतो. ह्यांचं म्हणणं पडलं, की गाडी चालवणाऱ्याचं लक्ष काट्याकडे जाईलच असं नाही, पण लाल दिव्याकडे गेल्यावाचून राहत नाही. एक पथ्य मात्र पाळायचं. किल्ली फिरवली की तो दिवा आधी लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही तर 'सगळं ठीक' असं समजू नये. बल्ब गेला असेल.

तिसरं, बॅटरीचं. नांदेडच्या संचात अँपिअर मीटर होता. त्यातून बॅटरीचा जवळजवळ सगळा प्रवाह जातो, म्हणून जाड तारा डॅशबोर्डपर्यंत आणाव्या लागतात. एखादी तार सैल झाली की फळीमागे ठिणगी पडायची भीती. व्होल्टमीटरला हे झंझट नाही. दोन बारीक तारा, मध्ये एक फ्यूज, झालं काम. शिवाय वाचायला सोपा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं, तर समजावं चार्जिंग व्यवस्थित आहे. चालत्या इंजिनात आकडा बारापर्यंत घसरला तर समजावं, घरात येणं बंद झालंय आणि नुसतं जाणं चालू आहे. हे तर मला एका झटक्यात समजलं!

चौथा पेट्रोलचा काटा. पेट्रोल संपलं तर गाडी थांबते. त्रास होतो, पण काही मोडत नाही. इथे एक गोष्ट मात्र बाजारात कुणी आपणहून सांगत नाही. तबकडी आणि टाकीतला फ्लोट ही जोडीची वस्तू आहे. फ्लोट वरखाली होतो तसा तारेतला विजेचा अडथळा बदलतो आणि काटा त्याप्रमाणे हलतो. एका कंपनीची तबकडी आणि दुसरीचा फ्लोट जोडला, तर काटा हलतो खरा, पण टाकी अर्धी असताना पाऊण दाखवतो. हीटच्या विजेवर चालणाऱ्या मीटरचंही तसंच, तबकडी आणि सेन्सर जुळलेच पाहिजेत. चकचकीत संच घेतला असता, तर हे सेन्सर आणि फ्लोट वेगळे विकत घ्यावे लागले असते. सात हजार आठशे हा आकडा तिथे संपणारच नव्हता.

पाचवा स्पीडोमीटर. आणि सहावं एक घड्याळ, जे माझ्या मनगटावर आहेच.

तक्ता पुरा झाल्यावर हे बराच वेळ त्याकडे बघत बसले. मग स्वतःच म्हणाले, "मग नवीन कशाला? मारुतीचंच जुनं मीटर शोधू. वेग, पेट्रोल, हीट, ऑईलचा दिवा, चार्जिंगचा दिवा, सगळं एकाच खोक्यात असतं. टाकी तिची, इंजिन तिचं. सेन्सर पण तिचाच बसेल."

पुढच्या रविवारी आम्ही दोघंही नांदेडला गेलो. जुन्या सुट्या भागांच्या दुकानात बायका सहसा जात नाहीत. पण साडी घेताना आपण जशी उजेडात नेऊन बघतो, तसंच मीटरही बघावं लागतं, हे मला तिथे कळलं. काच आतून धुरकट असेल तर पाणी शिरलेलं असतं. मीटर हलवून बघितलं तर काटा मोकळा हलला पाहिजे आणि परत शून्यावर आला पाहिजे. मागची छापील तांब्याची पट्टी कुठे तुटलेली किंवा हिरवी पडलेली नसावी. हे बरोबर बॅटरी आणि मल्टीमीटर घेऊन आले होते, तिथेच जोडून बघितलं. तीन मीटर बाजूला सारले, चौथा घेतला. फ्लोट, सेन्सर आणि स्पीडोमीटरची केबल धरून नऊशे रुपये. त्या जुन्या मीटरवर हीटचा काटा नुसता थंड ते गरम एवढंच दाखवतो, अंश दाखवत नाही. म्हणून अंशांचे आकडे असलेला एक नवा मीटर साडेपाचशेला घेतला. हा विजेवर चालत नाही. त्याला एक लांब बारीक नळी आणि टोकाला फुगा असतो. फुगा तापला की नळीतल्या दाबाने काटा सरकतो. नळी दुमडायची नाही आणि कापायची तर मुळीच नाही. व्होल्टमीटर दोनशेला. तारा, फ्यूज आणि रेडिएटरच्या वरच्या होजपाइपातला जोड यांचे तीनशे. सगळे मिळून एकोणीसशे पन्नास.

आता मीटर खरं बोलतो की नाही, हे बघायचं होतं. ते काम आमच्या स्वयंपाकघरात झालं. मोडीत काढायचं एक जुनं पातेलं घेतलं, त्यात पाणी उकळलं आणि त्या नव्या मीटरचा फुगा आत सोडला. पाणी खळखळू लागलं तेव्हा काटा शंभराच्या किंचित अलीकडे स्थिरावला. आपला मराठवाडा पठारावर आहे, त्यामुळे पाणी शंभराला थोडं कमीच असताना उकळतं. म्हणजे मीटर बरोबर होता. जुन्या मीटरचा सेन्सर त्याच पातेल्यात धरून काटा कुठवर जातो ते बघितलं आणि काचेवर नखपॉलिशचा लाल ठिपका दिला. ते पातेलं नंतर पुन्हा स्वयंपाकाला वापरलं नाही, हे सांगायला नकोच.

वेगाचं गणित तर शिवणाच्या टेपने केलं. स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या फेऱ्या मोजतो; चाक केवढं आहे हे त्याला काय ठाऊक! शेतातल्या खड्ड्यांसाठी ह्यांनी मोठी चाकं बसवली होती. मूळ टायरचा एक फेरा १६० सेंटिमीटरचा. नव्या टायरला खडूची खूण केली, गाडी ढकलत एक पूर्ण फेरा घेतला आणि जमिनीवरचं अंतर मोजलं. १८२ भरलं. म्हणजे काटा ४० दाखवील, तेव्हा गाडी खरी साडेपंचेचाळीसने पळत असेल. हे फळीवर चिठ्ठी लावून लिहून ठेवलं. पुढे मोबाइलवर वेग बघून ताडूनही पाहिलं. हिशेब बरोबर निघाला.

टाकीसाठी बांबूची एक पट्टी केली. रिकाम्या टाकीत मापाने एकेक लिटर पेट्रोल ओतायचं आणि पट्टीवर खाच पाडायची. इंजिन थंड, जवळ काडी ना बिडी, आणि उघड्या हवेत. फ्लोट दगा देईल, पण पट्टी देणार नाही. आणखी एक गोष्ट आमच्या ह्यांच्या धंद्यामुळे वेळीच सुचली. लोखंडी डॅशबोर्ड असला की मीटरला अर्थ त्या पत्र्यातून मिळतो. लाकडातून तो मिळत नाही. म्हणून प्रत्येक मीटरला अर्थची स्वतंत्र तार दिली. हे केलं नाही तर हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटाही नाचतो, आणि मग माणूस विनाकारण टाकी उघडून बसतो.

मार्चमध्ये हळद शिजवायचे दिवस आले. काहिलीसाठी पाण्याचे ड्रम विहिरीवरून न्यायचे होते. त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. हे गाडी चालवत होते, मी शेजारी ड्रमाला हात लावून बसले होते. सवयीने समोर बघितलं, तर व्होल्टमीटर १२ च्या खाली, आणि तो चार्जिंगचा दिवा उन्हामुळे लागलेला दिसतही नव्हता. हीटचा काटा ९० वर होता. मी म्हटलं, "अहो, येणं बंद झालंय." ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काट्यांकडे, आणि तसंच इंजिन बंद केलं. तेवढ्या वेळात काटा ९८ वर गेला होता. बॉनेट उघडलं, तर पट्टा तुटून खाली पडलेला. ह्या इंजिनात एकच पट्टा चार्जिंगचं डायनामो फिरवतो आणि पाण्याचा पंपही. म्हणून व्होल्ट आधी पडले आणि मागोमाग हीट चढू लागली. एकटा हीटचा काटा बघितला असता, तर ऊन कडक आहे म्हणून दोन फर्लांग आणखी गेलो असतो. दोन्ही काटे मिळून त्यांनी नेमकं दुखणं सांगितलं. पट्टा दीडशेचा होता.

तरी हेही सांगते, की काट्यावर डोळे मिटून विसंबू नये. रेडिएटरचं पाणी सगळं गळून गेलं, तर सेन्सर पाण्याबाहेर राहतो आणि इंजिन जळत असताना काटा खुशाल खाली येतो. तो खोटं बोलत नाही, त्याला लागेल तेवढंच सांगतो. म्हणून रोज सकाळी, इंजिन थंड असताना, पाणी आणि ऑईल डोळ्यांनी बघायचं. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कुणीही, कधीही उघडू नये. वाफ आणि उकळतं पाणी सरळ तोंडावर येतं.

आता मुलाचं. तो आठवीत आहे, आणि गाडी तयार झाल्या दिवसापासून त्याचे डोळे स्टिअरिंगवर. त्याला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं आहे. आपली गाडी रस्त्यावर न्यायची नाही, बाबांनीसुद्धा नाही. घरी बनवलेल्या गाडीला नंबर मिळत नाही; त्यासाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून नमुन्याची तपासणी आणि मंजुरी लागते, आणि ते तुमच्याआमच्या ऐपतीचं काम नाही. लोहारांच्या जीपचं कौतुक करतानाही आनंद महिंद्रांनी ती नियमांत बसत नाही, हे स्पष्ट म्हटलं होतं. आणि अल्पवयीन मुलाच्या हाती रस्त्यावर गाडी दिली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो. आमची गाडी शेताच्या बांधाच्या आतच फिरते. तिथे बसायचं तर त्याने आधी सगळे काटे वाचायला शिकायचं, असा नियम आहे. तो ते माझ्यापेक्षा लवकर शिकला.

तुमच्या घरी गाडी बनत नसेलही. पण पाण्याची मोटार असेल, इन्व्हर्टर असेल, ट्रॅक्टर असेल. त्यावर काय बसवायचं असा प्रश्न आला, की आधी विचारा: हे कळलं नाही तर काय मोडेल, आणि मोडलेलं पुन्हा जोडता येईल का? पैसे तिथे खर्च करा. जोडीच्या वस्तू जोडीनेच घ्या. घेतलेली वस्तू खरं सांगते का, हे घरच्या घरी ताडून बघा. आणि ती आपल्यालाही वाचता आली पाहिजे, नुसती बसवणाऱ्याला नव्हे.

वाचलेल्या पैशांतून धाकटीची फी भरली. फळीवरचे खडूचे दोन गोल मात्र अजून तसेच आहेत. ते मी पुसलेले नाहीत. पुढल्या वर्षी हळदीला बरा भाव मिळाला, तर त्यांतल्या एकात निळ्या उजेडाचं काहीतरी बसवायला माझी हरकत नाही. माणसाला दिसण्यासाठीही थोडं काही लागतंच.